गाणं पाठवा, पण नावासकट!

मी कॉन्व्हेंटची. मराठी गाणी मला खऱ्या अर्थाने भेटली ती होस्टेलवर, मैत्रिणींनी पाठवली म्हणून. त्यामुळे 'गाणी शेअर करू नका' असलं लेक्चर मी देणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की गाणं पाठवताना त्याचं नावगाव पुसू नका.

आपल्याकडे फाइल येते ती 'ट्रॅक ०७' किंवा फार तर 'लता मराठी' अशी. गाणारीचं नाव कळलं, पण शब्द कोणाचे, चाल कोणाची? 'साधी माणसं' (१९६५) चं संगीत 'आनंदघन' यांचं, आणि आनंदघन म्हणजे खुद्द लतादीदी! नाव पुसलं की ही गंमतही गेली. खरं तर एमपीथ्री फाइलमध्येच गायक, संगीतकार, गीतकार लिहायला जागा असते. भरायला एखादं मिनिट लागतं.

प्रश्न पैशांचाही आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. पण आपण फाइलच फिरवत बसलो, तर त्या ऐकण्याचा हिशोब कुठे लागणार? म्हणून गाणं अधिकृत ठिकाणी मिळत असेल तर फाइल नको, लिंक पाठवा.

आणि गॅदरिंगला आपलाच एखादा ज्युनिअर स्वतः चाल लावून गातो, त्याचं रेकॉर्डिंग पुढे ढकलण्याआधी त्याला विचारा तरी! आपला प्रोजेक्ट दुसऱ्याच्या नावावर खपला तर आपण थेट एचओडींपर्यंत जातो. मग त्याच्या चालीचं काय?