भुई धोपटण्याआधी

पावसाळा तोंडावर आला आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागतील. अशा वेळी एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या गावात साप चावून मूल गेले, तिथे ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरावा का?

प्राण्याचे नाव आले म्हणून म्हण कुणाला टोचत नाही, असे आमचे मत आहे. ‘आयत्या बिळावर नागोबा’ किंवा ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ यांत कुणाच्या दुःखाची टिंगल नाही. कोकणात लाल विंचू जीव घेत होता आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावरच्या उपचारासाठी आयुष्य वेचले. म्हणून नाथांचे विंचवावरचे भारूड कुणी गाऊ नये, असे म्हणणे खुळेपणाचे ठरेल.

भुई धोपटण्याची गोष्ट मात्र निराळी. त्यात साप नव्हताच, हे गृहीत धरलेले असते. ज्याच्या अंथरुणात तो खरोखर होता, त्याला हा वाक्प्रचार तोंडावर खोटे पाडतो. आपल्या पेशात तर तो जिवावर बेतू शकतो, कारण मण्यारीचा दंश अनेकदा काहीच घडले नसल्यासारखा दिसतो. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते. फारसे दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. पहाटे मूल पोट धरून उठते, उलटी करते. आई म्हणते, “डॉक्टर, रात्री अंथरुणात काहीतरी वळवळल्यासारखं वाटलं होतं.” काचेच्या नळीतले रक्त वीस मिनिटांत नीट गोठते, कारण मण्यारीच्या विषाचा घाला मज्जातंतू आणि स्नायूंच्या सांध्यावर असतो, रक्तावर नाही. पुढे पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळवत नाही, श्वास अडतो. या आईला कुणी ‘उगाच भुई धोपटू नका’ म्हणून पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवले, तर ते शब्द तिला जन्मभर पुरतील.

घोणस आणि फुरशाच्या दंशात बहुधा सूज दिसते, रक्तस्राव दिसतो. तिथे अविश्वासाला वाव कमी.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असे राज्यांना कळवले गेले. पण जे आपण ऐकूनच घेतले नाही, त्याची नोंद कशी होणार?

तेव्हा वाचक डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंना आमची कळकळीची विनंती आहे. एरवी बोलताना म्हणी खुशाल वापरा. रुग्णासमोर, शोकात असलेल्या घरात आणि गावच्या सभेत हा एक वाक्प्रचार मात्र टाळा. नातेवाईक जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवा, आणि मण्यारीचा नुसता संशय असला तरी किमान चोवीस तास रुग्णाला नजरेखालून हलवू नका.