हौदाचे पाणी आणि वाड्याचा वारसा

११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर आला की पुण्याच्या गंज पेठेतील, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतील, फुले वाड्यावर रीघ लागते. पुढारी येतात, हार घालतात, फोटो काढून जातात. आपल्या आयाबाया मात्र समाधीपुढे डोके टेकवून झाले की विचारतात, "जोतिबांनी आपल्या माणसांना पाणी भरू दिलं, ती जागा कुठली?" वाडा कसा पाहावा, हे या निरक्षर माउल्यांना इतिहासकारांपेक्षा जास्त कळते!

हल्ली जुने वाडे दाखवण्याची टूम निघाली आहे. सागवानी खांब, कोरीव तुळया, तांब्यापितळेची भांडी, अडकित्ते, समया यांचे कौतुक होते. 'काय ते वैभव, काय ती संस्कृती!' म्हणून उसासे टाकले जातात. पण एकोणिसाव्या शतकातील सवर्णांच्या वाड्याचा खरा नकाशा लाकडाने नव्हे, जातीने आखलेला होता. ओसरीपर्यंत कोणी यायचे, माजघरात कोणी, देवघरात कोणी, हे जन्माने ठरलेले. महार-मांगांनी दिंडी दरवाजाबाहेरच थांबायचे. मैला उचलणाऱ्याने मागच्या बोळातून यायचे. केशवपन केलेल्या विधवेने अंधाऱ्या खोलीत कुढायचे. हंडा, कळशी, रांजण या साध्या वस्तू. पण त्यांना कोणाचा हात लागावा यावर माणसाची किंमत ठरत होती. तहानलेल्या अस्पृश्याच्या ओंजळीत वरून पाण्याची धार सोडली जाई, तीही मालकाची मर्जी असेल तर. संग्रहालयातल्या त्या चकचकीत हंड्याखाली ही गोष्ट कोण लिहिणार?

पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, याची नोंद बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात केली आहे. त्याच पुण्यात १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आधी गळ्यात मडके, मग त्याच मडक्यात फुल्यांच्या घरचे पाणी! सभेत समतेवर बोलणारे सुधारक तेव्हाही होते. घरचे पाणी खुले करायला वेगळी छाती लागते. कारण ते पाणी रोजच्या स्वयंपाकाचे, रोजच्या पिण्याचे. सावित्रीमाईची साथ नसती तर तो हौद एक दिवसही खुला राहिला नसता. मुलींना शिकवतात म्हणून १८४९ साली ज्यांना वडिलांचे घर सोडावे लागले, त्या दोघांनी स्वतःच्या घराचे दार मात्र कोणाला बंद केले नाही.

१८६३ साली याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. १८८४ पर्यंत पस्तीस ब्राह्मण विधवा तेथे बाळंत झाल्या, असे जोतिरावांनीच लिहून ठेवले आहे. पस्तीस बाळंतपणे म्हणजे गरम पाणी, जुनी लुगडी, शेक-शेगडी, रात्रीची जागरणे. ही क्रांती भाषणात नव्हे, घरकामात घडली. त्यातल्याच काशीबाईचा मुलगा यशवंत १८७४ साली फुल्यांचा दत्तक पुत्र झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले, तेव्हा टिटवे धरण्याच्या हक्कावरून नातलगांनी वाद घातला. सावित्रीमाई पुढे झाल्या, टिटवे हाती घेतले आणि अग्नीही त्यांनीच दिला. वाड्याच्या आवारातली समाधी त्याच जोतिरावांची आहे.

या हौदापासून महाडचे चवदार तळे एकोणसाठ वर्षांच्या अंतरावर आहे. फुल्यांनी आपले पाणी दिले; २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला. एक दान नव्हते आणि दुसरी भीक नव्हती. दोन्ही माणुसकीच्या हक्काचीच पाऊले होती. बाबासाहेबांनी फुल्यांना गुरू मानले ते उगीच नव्हे.

फुले वाडा आणि सावित्रीबाईंचे स्मारक जोडून भव्य स्मारक उभारण्याच्या घोषणा आजवर अनेकदा झाल्या. जरूर उभारा. पण संगमरवर आणि कारंजी यांत हौद हरवता कामा नये. त्या पाण्याशेजारी ठळक अक्षरांत लिहा, की हे पाणी कोणाला बंद होते, कोणी बंद केले होते आणि ते कोणी खुले केले.

आणि एक प्रश्न आपल्यालाही. शिकलो, नोकऱ्या लागल्या, फ्लॅट झाले. दिवाणखान्यात बुद्ध, फुले, बाबासाहेबांच्या तसबिरी लागल्या. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी, कचरा न्यायला येणाऱ्या भावासाठी आपल्या स्वयंपाकघरात वेगळा कप ठेवला आहे काय? असेल तर पेशवाईतले ते मडके अजून फुटलेले नाही. ते फक्त आपल्या फडताळात येऊन बसले आहे. तो कप आजच फोडा. मगच वाड्यावर हार घेऊन जा!