स्पीकरचा शेजार

गणपतीला मुंबईचा चाकरमानी आचऱ्यात उतरतो, तो रिकाम्या हाताने कधीच नाही. 2004 साली आमचा पुतण्या आला तो पाच लहान पेट्या, एक थोरली पेटी आणि तारांचे भले मोठे भेंडोळे घेऊन. “काका, हे होम थिएटर! आता घरातच सिनेमा!” असे म्हणून त्याने, चहासुद्धा न घेता, आमच्या एकवीस इंची टीव्हीच्या दोन्ही अंगांना दोन पेट्या चिकटवून बसवल्या आणि थोरली पेटी खालच्या कप्प्यात सरकवली. आवाज असा घुमला की ओटीवर निजलेले मांजर परसात पळाले!

पहिल्या संध्याकाळी कौतुकाच्या भरात कुणाचे लक्ष गेले नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तो बातम्या देणाऱ्या बाईंचा एक गाल हिरवा आणि पदराचा काठ जांभळा. पुतण्या म्हणाला, “अँटेना हलली असेल.” मी म्हणालो, “हवा दमट आहे.” आई मात्र काहीच बोलली नाही. एरवी सातच्या बातम्या न चुकवणारी ही बाई त्या दिवसापासून ओटीवर वाती वळत बसू लागली. सणाची गडबड, मीही विचारले नाही.

चौथ्या दिवशी पिरावाडीचे आमचे ओळखीचे तांडेल दर्शनाला आले. प्रसाद घेताना त्यांची नजर टीव्हीवर गेली, मग पेट्यांवर. म्हणाले, “मास्तरानू, होकायंत्राच्या शेजाराक लोखंड चलता काय? ही पेटी बाजूक करा बघू!”

आयुष्यभर मुलांना लोहचुंबक शिकवणारा मी, खाली मान घालून पेट्या हलवू लागलो!

वाचकहो, प्रकार साधा आहे. विजेचा प्रवाह आणि होकायंत्राची सुई यांचे नाते ओर्स्टेडने 1820 सालीच दाखवून दिले होते. जुन्या, मोठ्या पोटाच्या रंगीत टीव्हीत काचेच्या नळीतून इलेक्ट्रॉनांचे तीन झोत पडद्यावर पडतात. पडद्यामागे बारीक भोकांचा एक धातूचा पत्रा असतो. त्या भोकांतून प्रत्येक झोताने आपापल्या रंगाचा ठिपका गाठायचा. स्पीकरच्या पोटात असतो जबर चुंबक. तो शेजारी आला की झोत वाट चुकतात. तांबड्याचा वाटेकरी हिरव्याच्या दारात जाऊन उभा राहतो. शिवाय तो पत्राही हळूहळू चुंबक होऊन बसतो.

म्हणूनच पेट्या तीन हात दूर नेल्या तरी थोडा जांभळा डाग राहिलाच. टीव्ही बंद केला, आरती आटोपली, अर्ध्या तासाने पुन्हा लावला. ‘धुम्म’ असा आवाज झाला आणि चित्र लख्ख! टीव्ही लावताक्षणी आतल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज जाते आणि ओसरत ओसरत पत्र्याचे चुंबकत्व पुसून टाकते. ते वेटोळे पुन्हा कामाला यायचे तर मध्ये टीव्ही निवावा लागतो. मागचे झाकण उघडून खटपट मात्र कुणी करू नये. आत वीस-पंचवीस हजार व्होल्टांचा दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो रेंगाळतो.

चित्र स्वच्छ झाल्यावर आईला हाक मारली. ती दारात उभी राहून टक लावून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “माका वाटलां, माझोच डोळो गेलो.”

त्याच वैशाखात तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. ते फुकट गेले, असे तिने मनाशी धरले होते आणि सणात पोरांची धावपळ नको म्हणून चार दिवस तोंडातून शब्द काढला नव्हता. पुतण्याने मुकाट्याने तिच्या हातातल्या वाती घेतल्या आणि तिला खुर्चीवर बसवले.

आता घरोघरी भिंतीला टेकलेले चपटे टीव्ही आले. त्यांत झोत नाहीत, त्यामुळे चुंबकाची भीती नाही. तरीही सांगतो: टीव्हीच्या माथ्यावर किंवा अरुंद फळीवर जड पेटी ठेवू नये, घरात रांगते मूल असते. तारा पायवाटेत सोडू नयेत. थोरली पेटी जमिनीवरच बरी, म्हणजे टीव्हीचे टेबल थरथरत नाही. हवेच्या जाळ्या झाकू नयेत. आणि भजनांच्या, दशावताराच्या जुन्या कॅसेटी कुणी जपल्या असतील, तर त्यांची चळत स्पीकरवर रचू नये. चुंबक तो ठेवाही पुसू शकतो.

आणखी एक. घरात नवी वस्तू आली आणि वडीलधारे माणूस गप्प झाले, तर त्याला आपणहून विचारावे. वस्तू हलवूनही डोळ्यांपुढचे रंग गेले नाहीत, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्या वर्षी हे विचारण्याचे काम माझे होते. ते पिरावाडीच्या तांडेलांना करावे लागले.