चारशे युरोंचा बट्टा

‘बट्टा’ हा शब्द आता आपल्याकडे नावाला लागण्यापुरता उरला आहे. कुणाच्या कीर्तीला बट्टा लागतो, कुणाच्या घराण्याला. वर्गात अर्थ विचारला तर मुले ‘कलंक’ म्हणून मोकळी होतात. पण मूळचा बट्टा सराफाच्या पेढीवरचा. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात मोडायला नेला, की सराफ तो वाजवून, पारखून पाही आणि त्यातून काही कापून घेई. ते कापणे म्हणजे बट्टा. हुंडीने पैसे पाठवायचे तर हुंडणावळ आणखी वेगळी. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया पाडायला घेतला आणि सराफांचा हा धंदा हळूहळू बसला.

बसला असे आपण समजतो, इतकेच. परदेशातल्या हॉटेलची खोली किंवा आगगाडीचे तिकीट घरबसल्या काढणाऱ्या मंडळींना हा सराफ अजून भेटतो. फरक एवढाच, की त्याचा चेहरा दिसत नाही आणि रुपया वाजवल्याचा आवाज येत नाही.

आमच्या इमारतीत एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. घरखर्चाची वही रोज रात्री पैशापर्यंत जुळवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. त्यांची मुलगी ऑस्ट्रियात असते. नातीला पाहायला जायचे आणि त्यातच चार दिवस साल्झबुर्गला राहायचे, असा बेत गेल्या हिवाळ्यात ठरला. मास्तरांनी स्वतःच्या कार्डाने एका परदेशी कंपनीकडे चारशे युरो भरून खोली घेतली. नंतर काकू न्हाणीघरात घसरल्या, पाय मोडला, बेत रहित झाला. मुदतीच्या आत रद्द केल्यामुळे कंपनीचे पत्र आले : आपली पूर्ण रक्कम परत केली आहे.

वहीत मात्र ती पूर्ण येईना. गेले ४१,६५२ रुपये आणि आले ३९,२००. (आकडे मी वाचकांच्या सोयीसाठी गोल केले आहेत, मास्तरांच्या वहीत ते पैशांसकट आहेत.) त्यांनी कंपनीला लिहिले. उत्तर आले, चारशे घेतले, चारशे दिले. बँकेत गेले. तिथल्या तरुणाने यंत्रात पाहून ‘सगळं बरोबर आहे, आजोबा’ म्हणून सांगितले. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, “बाबा, तुमची बेरीज चुकली असेल. जाऊ द्या ना आता.”

हे ‘जाऊ द्या’ मास्तरांना लागले. वही घेऊन ते माझ्याकडे आले.

“सर, अडीच हजारांनी मी काही भिकेला लागत नाही. पण हे कुठल्या रकान्यात लिहू ते सांगा. आणि माझं डोकं चालेनासं झालं असेल, तर तेही सांगा.”

मी मराठीचा प्राध्यापक. माझा गणिताशी संबंध उत्तरपत्रिकांच्या बेरजेपुरता. पण कार्डाचे मासिक विवरण आणि बँकेचे दरपत्रक समोर ठेवून आम्ही दोघे बसलो, आणि दोन चहांत हिशेब लागला. पैसे भरले तेव्हा कार्डाच्या जाळ्याने युरोचा दर १०० रुपये धरला. चाळीस हजार झाले. त्यावर बँकेने परकीय चलनाचा आकार म्हणून साडेतीन टक्के, म्हणजे १,४०० रुपये घेतले. त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी, २५२ रुपये. परतफेड आली त्या दिवशी दर ९८ होता, म्हणून चारशे युरोंचे ३९,२०० झाले. बँकेने आपला आकार परत केला नाही आणि त्यावरचा करही परत आला नाही. दरात ८००, आकारात १,४००, करात २५२. बेरीज २,४५२. नेमका तेवढाच खड्डा मास्तरांच्या वहीत होता.

म्हणजे मास्तरांची बेरीज पहिल्या दिवसापासून बरोबर होती. ‘पूर्ण’ हा शब्द कंपनीने युरोत लिहिला होता, मास्तरांनी तो रुपयांत वाचला. भाषेच्या शिक्षकाला याहून चांगले उदाहरण सापडायचे नाही. कायद्याने कोणी खोटे बोलले नव्हते. पण चाळीस वर्षे मनीऑर्डरी वाटलेल्या माणसाला वेड्यात काढायची वेळ या एका शब्दाने आणली होती. मुलीला त्याच रात्री फोन गेला. तो बराच वेळ चालला असावा, कारण आमच्या भिंती पातळ आहेत.

आता वाचकहो, हा आकार सगळीकडे साडेतीन टक्केच असतो असे नाही. काही कार्डांवर दोन टक्के असतो, काहींवर मुळीच नसतो. तो बँकेच्या दरपत्रकात छापलेला असतो, फक्त शोधावा लागतो. दरही आपण बटण दाबतो त्या क्षणाचा असतोच असे नाही. व्यवहार कार्डाच्या जाळ्यात पुढे सरकतो तेव्हाचा दर लागतो. त्याला दोनतीन दिवस लागू शकतात.

याहून मोठी मेख दुसरीकडेच आहे. पैसे भरताना पुष्कळ परदेशी संकेतस्थळे मोठ्या आदबीने विचारतात : आपल्याला रुपयांत भरायला आवडेल का? आपल्याला आवडते. रुपया आपला, ओळखीचा; आकडा आत्ताच कळतो; मनाला बरे वाटते. पण या मेहेरबानीत दर ठरवतो तो दुकानदार आणि त्याचा मध्यस्थ. मास्तरांच्याच चारशे युरोंचे तिथे ४२,४०० रुपये दाखवले, तर तो सहा टक्के बट्टा झाला. गंमत पुढेच आहे. दुकान परदेशात नोंदलेले म्हणून, व्यवहार रुपयांत असला तरी काही बँका त्यावर एक टक्का आकार आणि वर जीएसटी लावतात. ४२४ आणि ७६, असे पाचशे रुपये आणखी. एकूण ४२,९००. युरोत भरले असते तर ४१,६५२ लागले असते. ओळखीचा आकडा दिसला त्या सुखाची किंमत साडेबाराशे रुपये! आमच्या घरी तेवढ्यात भाजणीपासून करंज्यांपर्यंत दिवाळीचे बरेचसे सामान येते. सौभाग्यवतींचे मत असे, की हा हिशेब मी टक्क्यांऐवजी करंज्यांतच मांडायला हवा होता. रुपयांत किंमत दिसली म्हणजे दुकान भारतात आहे असे होत नाही, एवढे मात्र तिने लक्षात ठेवले आहे.

छोट्या परदेशी सहल कंपन्या कधी कार्ड घेत नाहीत, बँकेतून रक्कम पाठवा म्हणतात. तिथे पैसे दोनतीन बँकांच्या हातांतून जातात आणि मधली बँक आपली हुंडणावळ कापून घेते. आपण पाचशे डॉलर पाठवतो, समोरचा ‘कमी मिळाले’ म्हणून कळवतो. पाठवतानाच सगळे आकार आपल्या माथी घ्यायची सोय अर्जात असते. ती खूण केली की निदान पत्रापत्री वाचते.

इथल्या कंपनीकडून परदेश सहलीचे पॅकेज घेतले तर आणखी एक ओळ दिसते, उगमाशी गोळा केलेल्या कराची, म्हणजे टीसीएसची. हा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला आणि दर मधूनमधून बदलत आला आहे. पुष्कळांना ही कंपनीची फी वाटते. ती फी नव्हे. आपल्या नावावर सरकारजमा झालेली रक्कम आहे, आणि प्राप्तिकराच्या विवरणात ती वळती होते किंवा परत मिळते. फक्त विवरण भरले पाहिजे. निवृत्त मंडळी ‘आम्हाला कुठला कर’ म्हणून ते भरत नाहीत आणि पैसे तिथेच राहतात.

काकूंचा पाय आता बरा आहे. मास्तरांनी पुन्हा खोली घेतली, या वेळी मुक्कामी पोचल्यावर पैसे द्यायच्या बोलीवर. मी त्यांना एकच गोष्ट सांगून ठेवली आहे. तिथल्या हॉटेलात कार्डाचे यंत्र पुढे येते, तेव्हा त्यावरही तोच प्रश्न उमटतो, रुपये की युरो. पुष्कळदा समोरचा कारकून तुम्हाला न विचारता स्वतःच रुपयांचे बटण दाबतो. म्हणून आधी यंत्र आपल्या हातात मागून घ्यायचे. पावतीवर रुपये छापून आले, तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून युरोत पुन्हा करायला सांगायचे. मास्तरांनी हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले, आणि वहीत ‘बट्टा’ नावाचा एक नवा रकाना आखला आहे.