संशोधनाचे प्रश्न वाडीतून यावेत

चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने २०१९ मध्ये सोळा ते अठरा वर्षांच्या मुलींचा एक दीर्घ अभ्यास हाती घेतला. त्याला नावही गावाचेच मिळाले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दीड हजारांच्या आसपास मुली त्यात आल्या. ऐन वाढीच्या वयातल्या पोषणाचा पुढे मधुमेह, हृदयविकार यांच्याशी काय संबंध लागतो, हे त्यातून पाहायचे आहे. कोकणातल्या मुलींवर कोकणातच असे काम होते आहे, याचे मोल मोठे आहे.

पण अशा अभ्यासाचा जीव टिकून राहण्यात असतो. लग्न होऊन मुलगी विरारला किंवा पुण्याला गेली, की पुढच्या तपासणीला ती का येईल? हे काम आपलेही आहे असे तिला वाटले तरच. आपल्याकडे मात्र संमतीपत्रावर सही झाली की लोकसहभाग झाला, असे धरून चालण्याची सवय आहे. प्रश्न कोणता घ्यायचा, रक्त केव्हा आणि कुठे काढायचे, निष्कर्ष कोणाला सांगायचे, हे ठरते तेव्हा त्या मुलींपैकी किंवा त्यांच्या आयांपैकी कोणी तिथे असायला हवे.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासींना मोठ्या इमारतींच्या दवाखान्याची भीती वाटते, हे त्यांच्याच तोंडून कळले, म्हणून रुग्णालय गावासारखे बांधले आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचे दिसले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले आणि खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण, ही समजूत हादरली. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली. ३९ गावांत हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर २५ वर आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हा अनुभव आहे. माणसे केवळ नमुना म्हणून मोजली असती तर हे घडले नसते.

तज्ज्ञ आणि रुग्ण यांच्या मनातले प्रश्न किती वेगळे असतात, हे ब्रिटनमध्ये गुडघेदुखीच्या संशोधनावरून दिसले. संशोधकांचा भर औषधांच्या चाचण्यांवर होता. रुग्णांना हवी होती गुडघा बदलण्याविषयीची माहिती आणि दुखणे घेऊन रोजचे कसे निभावायचे याचा सल्ला. पाखाडीच्या पायऱ्या चढणाऱ्या, चिखलात वाकून भात लावणाऱ्या कोकणातल्या आजीला विचारले, तर ती याहून वेगळे काय सांगेल?

आणि विचारायचे ठरवले तर विषयांना तोटा नाही. हापूसच्या बागेत फवारणी करणाऱ्यांच्या फुप्फुसांचे काय होते, लाल विंचू चावल्यावर दुर्गम वाडीतून दवाखान्यात पोहोचायला उशीर का होतो, मासळी विकणाऱ्या बायका लघवीला जाणे टाळतात त्याचे परिणाम काय. हे प्रश्न ज्यांचे आहेत, त्यांनाच त्यांची धार ठाऊक असते.

रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे संशोधन वाढणार, हे उघड आहे. औषध चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत समाजातली एक सामान्य व्यक्ती असावीच लागते, तिच्याशिवाय गणसंख्याही पूर्ण होत नाही. ही जागा ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे न जाता एखाद्या आशाताईंना, जुनाट आजार सोसलेल्या रुग्णाला किंवा वाडीतल्या बचतगटाच्या अध्यक्षांना मिळावी. शिवाय प्रत्येक अभ्यासाचा निष्कर्ष सोप्या मराठीत, सहभागी झालेल्यांच्या गावात, ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा.

रत्नागिरीकरांनीही मागे राहू नये. उद्या कोणी रक्ताचा नमुना मागायला दारात आले, तर जरूर द्यावा, पण त्याआधी विचारावे: हा प्रश्न कोणी ठरवला, आणि उत्तर मिळाल्यावर आम्हाला सांगायला कोण येणार?