गच्ची कुणाची?

‘सदाशिव पेठेत, अगदी मध्यवस्तीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, स्वतंत्र गच्चीसह प्रशस्त पेंटहाउस विकणे आहे.’ मैत्रिणींनो, अशी जाहिरात वाचली की आपलं मन आधी गच्चीवर जाऊन पोचतं, नाही का? लक्ष्मी रस्ता चालत पाच मिनिटं, तुळशीबाग हाकेच्या अंतरावर, डोक्यावर कुणाची पावलं वाजायची नाहीत, आणि कुरडया-पापडांना हक्काचं ऊन! पण जाहिरातीतला भाव वाचला की छातीत धस्स होतं. मग घरात बेत सुरू होतात. ठेवी मोडू, गावची जमीन काढू, थोडे दागिने ठेवू. शेवटची ही सूचना बहुधा आपणच करतो, बरं का! म्हणूनच या व्यवहाराचे कागद आपणही वाचायला हवेत. ‘हे बघतील सगळं’ म्हणून पोहे करायला आत जाणं आता पुरे.

आधी पेठांचं थोडं समजून घेऊ. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठा पेशवाईत वाढल्या. वाड्यात ओटी, माजघर आणि मधोमध चौक. आकाश दिसायचं ते त्या चौकातून, आणि ते सगळ्या बिऱ्हाडांचं असायचं. वाळवणं तिथंच, डोहाळजेवणं तिथंच आणि भांडणंही तिथंच! पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचे कितीतरी वाडे पुरात बसले. जे उरले त्यांची भाडी १९४७ च्या भाडे कायद्याने जणू गोठली. पाच-दहा रुपये भाड्यात मालक कौलं तरी कशी बदलणार? वारस वाढले, वाटण्या झाल्या, भिंती पोटात आल्या. शेवटी वाडा बिल्डरकडे गेला. खाली जुने भाडेकरू आणि मालकांची कुटुंबं, वर विकायचे फ्लॅट आणि सगळ्यांत वर हे पेंटहाउस. चौकातलं आकाश गच्चीवर गेलं आणि त्याला भाव आला, एवढाच फरक.

तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ही गच्ची कुणाची? ‘तुमचीच की वहिनी, जिन्याची किल्ली तुमच्याकडेच!’ हे उत्तर नव्हे. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा मागा. गच्ची त्या फ्लॅटला जोडलेली म्हणून नकाशात आणि करारात दाखवलेली असेल, तरच ती तुमची. इमारतीची सामाईक गच्ची २०१६ च्या रेरा कायद्याने सगळ्या सदनिकाधारकांची असते. ती एकट्याला विकता येत नाही. गच्चीवर ‘देवघराला’ किंवा ‘पाहुण्यांना’ म्हणून एखादी खोली बांधलेली असली, तर ती नकाशात आहे का तेही पाहा. नसेल तर ती खोली नव्हे, पुढच्या नोटिशीची सोय समजा.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. रेरा कायद्यात चटई क्षेत्र म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची मात्र धरत नाहीत. समजा, खोल्या ९०० चौरस फूट आणि गच्ची ६०० चौरस फूट आहे. विकणारा ‘पंधराशेचा फ्लॅट’ म्हणून एकाच दराने आकडा सांगत असेल, तर सहाशे फूट उन्हाचे पैसे तुम्ही स्वयंपाकघराच्या भावाने मोजता आहात. गच्चीला मोल आहेच, पण तिचा आकडा वेगळा लिहून मागा. नुसतं वेगळं लिहायला सांगितलं तरी पुष्कळदा भाव खाली येतो!

तिसरा प्रश्न नोंदणीचा. पेठांतले भूखंड लहान, आणि नेमकी इथंच मेख आहे. भूखंड ५०० चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांच्या आत असेल किंवा इमारतीत आठपेक्षा जास्त सदनिका नसतील, तर त्या प्रकल्पाला रेरात नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे ‘रेरा नंबर नाही’ याचा अर्थ लगेच फसवणूक असा होत नाही. पण तिथं आपली राखण आपणच करायची, हे नक्की. ओळखीचा वकील गाठून मिळकत पत्रिका आणि तीस वर्षांचा शोध अहवाल पाहायचा, आणि इमारत पुरी झाली असेल तर भोगवटा पत्र मागायचं. शनिवारवाड्याच्या आसपास घर घेत असाल तर आणखी एक दाखला मागा. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत खास परवानगी लागते. २०१० पासूनचा हा कडक नियम आहे.

आता चौथा प्रश्न, आणि मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाचा. वाड्याच्या मूळ कागदांवर लेकींच्या सह्या आहेत का? २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मजात हक्क मिळाला. तरी पुष्कळ घरांत ‘बहिणींचं काय, त्या सुखात आहेत’ म्हणून त्यांना विचारतही नाहीत. पुढे त्यातली एखादी कोर्टात गेली, की खटला तुमच्या दारात येतो. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी विसार देण्याआधी एवढंच विचारलं, ‘तीन बहिणी आहेत म्हणता, त्यांचं हक्कसोडपत्र दाखवा.’ पुढचा अर्धा तास समोरचे गृहस्थ दुसऱ्याच गोष्टी बोलत होते. बाई चहा पिऊन परत आल्या. ठेव बँकेत शाबूत राहिली. कुणा एकीचा हिस्सा बुडवून उभ्या राहिलेल्या घरात आपली तुळस लावायची का, हाही विचार करायचाच की!

कागद झाले, आता डोळ्यांनी पाहायच्या गोष्टी. वरच्या मजल्याचं घर हिवाळ्याच्या संध्याकाळी पाहू नका, फसाल. एकदा वैशाखात दुपारी तीनला जा आणि एकदा श्रावणात झड लागल्यावर जा. स्लॅब तापतो तेव्हा पंख्याचा वाराही गरम लागतो. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी असेल तर ताप बराच कमी होतो. छताच्या कोपऱ्यात नुकताच रंगाचा हात मारलेला दिसला तर खुशाल विचारा, ‘इथं काय झालं होतं?’ सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक गच्चीतून पावसाचं पाणी गळलं, तर दुरुस्ती सोसायटीने स्वखर्चाने करायची असते. पण गच्ची ‘खासगी’ म्हटली की सोसायटी हात वर करते. तेव्हा खर्च कुणाचा, हे करारात लिहून घ्या. नव्या इमारतीत ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. लिफ्ट बंद पडली तर सासूबाई किती जिने चढतील, पाण्याची टाकी नेमकी कुणाच्या डोक्यावर आहे आणि बोळात अग्निशमनाची गाडी वळते का, हेही पाहून ठेवा.

पैशांबद्दल दोन शब्द. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरने दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, असा रेरा कायदा आहे. आणि १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. एक कोटीच्या घराला चक्क एक लाख! पतीचं नाव जोडलं की ती मिळत नाही. तेव्हा घरात बोलणं काढा. लाख रुपये वाचवायला कुठला नवरा नको म्हणतो? आणि सवलत सोडून दोघांच्या नावाने घेतलंत, तरी नाव आपलं असू द्या. दागिने मोडून उभ्या केलेल्या घराच्या खरेदीखतावर आपली सही साक्षीदार म्हणून नको, मालकीण म्हणून हवी.

या आठवड्यात एवढंच करा. घरात जुनं-नवं जे काही खरेदीखत असेल ते कपाटातून काढा आणि दुपारच्या निवांत वेळी पहिल्या पानापासून वाचा. अडेल त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि संध्याकाळी ‘ह्यांना’ अर्थ विचारा. त्यांनाही येत नसेल, तर दोघं मिळून वकिलाकडे जा.