शाळा महापालिकेची, पण जाब कोणाला विचारायचा?

बिद्री : साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाला दर किती देणार, हे विचारायला सभासद कचरत नाही. कारखाना कोणाचा, सभा कधी आणि प्रश्न कोणाला विचारायचा, हे त्याला पक्के ठाऊक असते. तोच माणूस मुलाच्या शाळेचे छप्पर गळू लागले, की ‘सरकारने बघायला पाहिजे’ एवढेच म्हणून गप्प बसतो. हे सरकार म्हणजे नेमके कोण? गावात याचे उत्तर वेगळे आणि शहरात वेगळे. शहरातले उत्तर तर गेल्या काही वर्षांत आणखी धूसर झाले आहे. समजून घेऊया.

पुस्तक तेच, मालक वेगळा

समजा, बिद्रीतले एक कुटुंब कामासाठी कोल्हापुरात राहायला गेले. अंतर तीसेक किलोमीटर. मुलाच्या दप्तरातले बालभारतीचे पुस्तक तेच राहते, पण शाळेचा मालक बदलतो.

गावातली शाळा जिल्हा परिषदेची. तिथली साखळी अशी: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, कागल पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. शहरातली शाळा महापालिकेची. तिथे प्राथमिक शिक्षण समितीचे प्रशासनाधिकारी आणि त्यांच्या वर आयुक्त. म्हणजे कागलच्या कार्यालयात दिलेला अर्ज कोल्हापूर शहरात उपयोगाचा नाही आणि शहरातला इथे नाही.

कोण काय ठरवते?

• अभ्यासक्रम आणि पुस्तके: राज्य सरकार. काम पुण्यातल्या राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेचे आणि बालभारतीचे.
• शिक्षक भरती: राज्याच्या पवित्र पोर्टलवरून.
• पगार: जिल्हा परिषद शिक्षकांचा राज्याकडून. महापालिकेच्या प्राथमिक शाळांसाठी मंजूर खर्चाचा काही वाटा राज्याचा, उरलेला महापालिकेच्या तिजोरीतून.
• समग्र शिक्षा आणि पोषण आहार: केंद्र आणि राज्य मिळून, साधारण ६०:४० प्रमाणात.
• इमारत, पाणी, स्वच्छतागृह, वीजबिल: स्थानिक संस्था.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचे तर यंत्रणेला इनपुट पाच ठिकाणांहून येते, पण बिघाड झाला तर तक्रारीचे बटण कुठे आहे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. शिक्षक कमी आहेत म्हटले, की महापालिका राज्याकडे बोट दाखवते. छप्पर गळते म्हटले, की राज्य महापालिकेकडे.

मंडळ गेले, मग नगरसेवकही गेले

पूर्वी शहरात एक ठरलेली जागा होती. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानुसार महापालिकांत शिक्षण मंडळे होती. सभापती, सदस्य, बैठका, सगळे होते. त्यांचे नाव फारसे चांगले नव्हते, हेही खरे. गणवेश आणि साहित्याच्या खरेदीवरून अनेक शहरांत वाद झाले. शिक्षण हक्क कायद्याने जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकल्यावर, २०१३ मध्ये राज्याने कायदा बदलून ही मंडळे मोडीत काढली. कारभार महापालिकेकडे, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाकडे आणि आयुक्तांकडे आला.

पुढे सभागृहेच राहिली नाहीत. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्ये. दोन्हीकडे प्रशासक आले. निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढा, असे सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी सांगावे लागले. तोवर कोल्हापूर शहराने नगरसेवकांविना साडेचार वर्षे काढली होती. २०२० मध्ये पहिलीत गेलेले मूल तोपर्यंत प्राथमिक शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर पोचले होते.

मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे आठ माध्यमांच्या शाळा आहेत आणि २०२५-२६ चा शिक्षण अर्थसंकल्प ३,९०० कोटींहून अधिक. तो प्रशासनाने मांडला आणि प्रशासकांनीच मंजूर केला.

प्रशासक असले की काम लवकर होते, राजकारण नसते, असे अनेक पालक म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण अधिकाऱ्याची बदली होते, आणि त्याने का ‘नाही’ म्हटले, हे भर सभेत विचारायला कोणी उरत नाही. मंडळातल्या गैरव्यवहाराला उत्तर म्हणून आपण विचारण्याची जागाच काढून टाकली. उंदीर झाले म्हणून कोठार पाडण्यासारखे हे झाले.

जगातही हा पेच सुटलेला नाही. लॉस एंजेलिसमध्ये सात जणांचे शाळा मंडळ थेट मतदार निवडतात. न्यूयॉर्कने २००२ मध्ये शाळा महापौरांच्या हाती दिल्या. शिकागोने १९९५ मध्ये तेच केले आणि २०२४ मध्ये पुन्हा मंडळाच्या निवडणुकीकडे वळले. पद्धत कोणतीही असो, जबाबदार कोण, हे तिथल्या पालकाला एका वाक्यात सांगता येते. आपल्याकडे तेवढेच जमत नाही.

उरलेली एक खुर्ची

या सगळ्या काळात एक संस्था मात्र कायद्याने शाबूत राहिली: शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला हव्यात. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतून होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदान कुठे खर्च झाले ते पाहणे, हे तिचे काम.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही समिती सहीपुरती उरते. एक कारण पैशाचे आहे. १०१ ते २५० पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळते वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास. त्यात वीजबिल, खडू, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती. एवढ्यात आराखडा कसला करणार?

तरीही सरकारी शाळांवर विश्वासच नाही, असे कोणी म्हणू नये. कोल्हापुरातल्या जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालक रात्रीपासून रांगा लावतात. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तिथली ही रांग आहे. तेव्हा सरकार पालकाला जाब विचारत होते. आता पालकाने सरकारला विचारायची पाळी आहे.

काय व्हायला हवे?

पहिले, महापालिकेच्या शिक्षण समितीच्या बैठकीची विषयपत्रिका आणि निर्णय आठ दिवसांत संकेतस्थळावर यावेत. दुसरे, शाळेच्या फाटकावर एक फलक हवा: छप्पर, शिक्षक, आहार, पाणी यांसाठी कोणता अधिकारी, कोणता फोन, किती दिवस. तिसरे, छोट्या दुरुस्तीचा निधी आणि अधिकार समितीकडे द्यावा, आणि त्याचा हिशेब पालकसभेत वाचला जावा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि तुमच्या हातात आजही एक गोष्ट आहे. कलम ३२ नुसार मुलाच्या शिक्षण हक्काबाबत कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो. तीन महिन्यांत निर्णय देणे बंधनकारक आहे. अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढच्या पालकसभेला जाताना कारखान्याच्या सभेला जाता तसेच जा, हिशेब विचारायला.